ती ओवी जात्याला सांगितली होती

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या आजीचं एक दुःख इन्स्टाग्रामवर टाकलं. माझ्या तोवरच्या कुठल्याही रीलपेक्षा ती रील जास्त लोकांनी पाहिली. मला वाटलं, मी गिटार चांगली वाजवली म्हणून.

ती रील आता नाही. पण तिच्यामुळे उभा राहिलेला प्रश्न अजून माझ्यासमोर आहे. दुसऱ्याचं दुःख वाजवायचा हक्क मला कोणी दिला? भोर तालुक्यातल्या पोराला ब्लूज वाजवायचं असेल तर हा प्रश्न तसाही चुकत नाही, कारण ब्लूज हे मुळातच दुसऱ्या कुणाचं तरी दुःख आहे.

आधी शिकण्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमचं गाव भाटघर धरणाच्या पाण्याकाठी. मी शिरवळला कंपनीत शिफ्टला जातो. गिटार सेकंड-हँड आहे, पुण्याहून स्वारगेट-भोर एसटीत मांडीवर घेऊन आणलेली. गावात शिकवणारं कोणी नव्हतं. यूट्यूब होतं, पण रेंज फक्त गच्चीवर येते, त्यामुळे माझं सगळं शिक्षण गच्चीवर झालं. पावसाळ्यात छत्री धरून व्हिडिओ डाउनलोड करायचे, खाली येऊन वाजवायचे.

ब्लूजचा सांगाडा सोपा आहे. बारा बार, प्रत्येक बारमध्ये चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोक्यांचं एक आवर्तन. तीन कॉर्ड. 'ए'मध्ये वाजवायचं तर चार बार 'ए', दोन बार 'डी', दोन बार परत 'ए', मग एक 'ई', एक 'डी' आणि शेवटचे दोन 'ए'. आवर्तन संपलं की पुन्हा पहिल्यापासून. वर वाजवायला पाच सुरांचं स्केल. ते मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा ओळखीचं वाटलं, कारण ते आपल्याकडे आहेच: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपण त्याला धानी म्हणतो. त्यात म आणि प यांच्या मधला तीव्र म घातला की ब्लूज स्केल होतं. आणि तार बोटानं ओढली की सूर कोमल गंधाराकडून शुद्ध गंधाराकडे सरकतो. पण तिथे पूर्ण पोचायचं नाही, वाटेतच थांबायचं. ब्लूजचा सगळा जीव त्या अर्ध्या वाटेवर आहे.

अवघड पुढे आहे. सांगाडा हातात बसला की कोणीतरी म्हणतं, आता मनानं वाजव. इंग्रजीत याला इम्प्रोव्हायजेशन म्हणतात, आपल्या गाण्यात उपज. आणि नेमकं तिथेच मन रिकामं निघतं. मग आपण लिक पाठ करतो. लिक म्हणजे वाजवण्यातला तयार वाक्प्रचार. बी. बी. किंगची एक, अल्बर्ट किंगची एक. दीड वर्ष मी हेच केलं. पंचवीस-तीस लिका जमल्या, त्या एकामागे एक लावल्या की ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगं मनानं वाजवतंय. मला माहीत होतं की मी दुसऱ्यांची वाक्यं जोडून बोलतोय.

जॅझ शिकायला घेतलं तेव्हा हे आणखी उघडं पडलं. तिथे कॉर्ड भराभर बदलतात आणि पाठ केलेली लिक दोन बारमध्येच खोटी पडते. समोरचा काय वाजवतोय ते ऐकून उत्तर द्यावं लागतं. गच्चीवर माझ्यासमोर कोणी नव्हतंच. फोनमधला बॅकिंग ट्रॅक होता. तो माझं काही ऐकत नव्हता, त्यामुळे मीही कोणाचं ऐकायला शिकलो नाही.

अशात मला घरातलं जातं आठवलं.

माझी आजी वेल्ह्याकडची, तोरण्याच्या अलीकडच्या एका वाडीतली. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आजीच्या तोंडी वेल्हंच. तिच्या तरुणपणी घरात नाचणी, तांदूळ सगळं जात्यावर दळलं जायचं, पहाटे उठून. दळताना ओव्या. मी लहानपणी कधीतरी ऐकल्या होत्या, मग गिरणी आली आणि जातं पडवीच्या कोपऱ्यात गेलं.

भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या डोंगरपट्ट्यातल्या ओव्या जगाला माहीत आहेत, हे मला खूप उशिरा कळलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी गरीब डोंगरी संघटनेतल्या बायकांबरोबर १९८०च्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे राज्यभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आता त्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मी रात्रपाळीच्या सुट्टीत हेडफोन लावून ऐकत बसलो आणि अंगावर काटा आला. एक बाई ओळ म्हणते, दुसरी ती उचलते, मग पहिली तिला उत्तर देते. ब्लूजच्या कडव्यात हेच होतं: एक ओळ, तीच ओळ परत, मग तिसऱ्या ओळीत उत्तर. पहिली ओळ दुसऱ्यांदा गाताना गाणारा तिसरी जुळवत असतो. जात्यावरची बाईही तेच करत असणार. खुंटा फिरतोय, पीठ पडतंय, चाल ठरलेली आहे, आणि तेवढ्या वेळात आतलं काहीतरी शब्दांत येतंय. जी उपज मी यूट्यूबवर शोधत होतो ती माझ्या घरात पहाटे चार वाजता चालायची.

मी आजीला म्हटलं, "ओवी म्हण ना, मी गिटार वाजवतो."

आजी म्हणाली, "अशी कशी सुचंल? हात खुंट्याला पायजे."

मग मी जातं कोपऱ्यातून ओढून काढलं, धुतलं, वाळवलं. आजीनं वाटीभर नाचणी घेतली. तिनं दोन-चार फेरे दिले आणि खरोखरच ओवी आली. मी 'ए'मध्ये सूर लावून मागे वाजवू लागलो. मूठभर दाणे जात्यात टाकताना ती थांबायची, ती रिकामी जागा मी लगेच लिकनं भरायचो. तीनदा असं झाल्यावर ती म्हणाली, "आरं, मला दम तर घिऊ दे. त्वा मधीमधीच बोलतुयास."

आजवर मला मिळालेला संगीताचा सगळ्यात चांगला धडा हा. गायकाच्या ओळीनंतर दोन बार मोकळे असतात, ते गिटारचे, असं मी शिकलो होतो. ते गायकाच्या दमाचेही असतात हे कोणी सांगितलं नव्हतं. मी वाजवणं कमी केलं. नंतरच्या ओव्या चांगल्या झाल्या, आणि त्यातली एक फार चांगली झाली. फोन समोर रेकॉर्डिंगवर होता. आजीला तो तिथे आहे हे माहीत होतं. तो काय करणार आहे, हे मी सांगितलं नव्हतं.

त्या ओवीत तिचे वडील होते. आजी नवी नवरी असताना लावणीच्या दिवसांत ते वेल्ह्याला वारले. निरोप आमच्या घरी आला, पण तो तिला दोन दिवस सांगितलाच नाही. चिखल केलेली खाचरं आणि उपटलेली रोपं कोणासाठी थांबत नाहीत, आणि लावणीला हात कमी होते. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. निरोप घेतला होता धाकट्या दिरानं. ओवीत तो धाकटा दीर नात्यानिशी होता.

तो धाकटा दीर म्हणजे माझे धाकटे आजोबा, शेजारच्या घरात राहणारे. पन्नास वर्षं ते रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन आजीच्या हातचा चहा पितात. मला ओवीतली गोष्ट नीट कळलीसुद्धा नव्हती. मला चाल कळली होती, आणि चौथ्या ओळीवर मी घेतलेली बेंड फार सुंदर आली होती.

रील टाकल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांच्या नातीनं त्यांना ती दाखवली. त्या संध्याकाळी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठव्या दिवशी आजीनं विचारलं तेव्हा मला सांगावं लागलं. ती रागावली नाही. तिनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "ती ओवी जात्याला सांगितल्याली. गावाला न्हवं."

इथे मला वाटलं की माझी चूक साधी आहे: परवानगी घेतली नाही. आता परवानगी घेत जाऊ, संपलं. पण मग मी गच्चीवर जाऊन गिटार हातात घेतली आणि वाजवता येईना. कारण ज्यांच्या लिका मी पाठ केल्या होत्या त्यांची तरी परवानगी कुठे घेतली होती?

डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराला 'फादर ऑफ द ब्लूज' म्हणतात. १९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघत तो पेंगत होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून गाऊ लागला. एकच ओळ, तीनदा. हँडीनं हे आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय. पुढे त्यानं ब्लूज कागदावर उतरवलं, छापलं, नाव आणि पैसा कमावला. स्टेशनवरच्या त्या माणसाचं नाव मात्र त्यात नाही.

दुसरी गोष्ट जेम्स कार्टरची. १९५९मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगात कैदी लाकडं फोडताना गात होते. अॅलन लोमॅक्सनं ते टेपवर घेतलं. पुढे गाणाऱ्यांची शिक्षा भोगून झाली, आयुष्यं सरली. २००० साली आलेल्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या सिनेमात ते गाणं वापरलं गेलं आणि त्या सिनेमातल्या गाण्यांचा अल्बम लाखांनी खपला. मग शोध घेऊन शिकागोत कार्टर सापडला, आणि त्याला वीस हजार डॉलरचा चेक देण्यात आला. आपण ते गाणं गायलो होतो हे त्याला आठवतही नव्हतं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा छान वाटलं होतं, की शेवटी न्याय झाला. आजीच्या ओवीनंतर ती वेगळी दिसली. कार्टर ते गाणं लोमॅक्सला सांगत नव्हता, तुम्हा-मला तर नाहीच. तो ते कुऱ्हाडीला सांगत होता, बाजूच्या कैद्याला सांगत होता, की पुढचा घाव एकत्र पडावा.

म्हणजे मग आम्ही ब्लूज वाजवायचंच नाही का? काहीजण तसं म्हणतात: ज्यानं भोगलं त्यानंच गावं. मला हे पटत नाही. आपल्या पुण्यातलंच उदाहरण आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केलं. त्यांनी मिसिसिपी पाहिली नव्हती. तरी तिथल्या दुःखाचा आणि इथल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचा सांधा त्यांना दिसला. शंभर वर्षांनी, १९७२मध्ये, मुंबईतल्या तरुणांनी 'ब्लॅक पँथर'वरून 'दलित पँथर' हे नाव घेतलं. कोणी म्हटलं नाही की हे तुमचं नाही. दुसऱ्याच्या दुःखातून आपल्याला आपलं बोलणं सापडू शकतं, पण त्यांनी पलीकडून जे घेतलं ते उघड सांगून घेतलं, आणि ते घेऊन स्वतःचीच गोष्ट बोलले.

उलटही होतं. मुंबईच्या हिंदी सिनेमात जॅझ आलं ते बरंचसं गोव्याच्या वादकांच्या हातून. आपले सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे चितळकर. त्यांच्या 'अलबेला'तल्या गाण्यांमागे चिक चॉकलेट होता. हे त्याचं रंगमंचावरचं नाव, मूळचा तो अँटोनियो झेवियर वाझ. अशा कित्येक वादकांची आणि अरेंजरांची नावं पडद्यावर आलीच नाहीत. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. १९७७मध्ये 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूचं नाव गुंफलं. सगळा देश ते नाव गुणगुणू लागला. ते एका खऱ्या माणसाचं आहे हे फार थोड्यांना माहीत असेल. ऋण फेडलं गेलं, पण ते दोघांच्या मधे, इतरांना न कळता. मला हे आवडतं. ऋण नेहमी जाहीर फेडायचं नसतं, ज्याचं आहे त्याला ते पोचलं पाहिजे.

ओव्यांच्या संग्रहाकडेही मी मग परत गेलो. तो आणि माझी रील यांत फरक काय? दोन्हीकडे जात्यावरचं बाहेर आलंय. फरक हा, की तिथे त्याच डोंगरातल्या बायका विचारायला गेल्या, बसल्या, ऐकलं, आणि ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव लिहिलं. कोणती ओवी सांगायची हे सांगणारीच्या हातात राहिलं. मी आजीच्या हातात फक्त खुंटा दिला होता.

तरी एक गोष्ट मला छळते. विचारत बसलो असतो तर आजीनं नाहीच म्हटलं असतं, आणि ती ओवी तिच्याबरोबर गेली असती. जगाचं थोडं नुकसान झालं असतं. मला वाटतं, तेवढं नुकसान जगानं सोसावं. प्रत्येक चांगलं गाणं आपल्याला मिळालंच पाहिजे असा काही करार झालेला नाही. फोन हातात असल्यामुळे आपल्या पिढीला तो झालाय असं वाटतं.

रील मी डिलीट केली, पण तेवढ्यानं काही झालं नाही. ती एव्हाना कोणाकोणाच्या व्हॉट्सअॅपवर गेली होती. तेव्हा मला हर्बी हँकॉकनं सांगितलेली एक आठवण आठवली. १९६०च्या दशकात तो माइल्स डेव्हिसबरोबर पियानो वाजवायचा. स्टुटगार्टच्या एका कार्यक्रमात ऐन रंगात त्यानं साफ चुकीची कॉर्ड वाजवली. माइल्स क्षणभर थांबला आणि त्यानं असे सूर वाजवले की ती कॉर्ड बरोबर वाटू लागली. हँकॉक म्हणतो, मला ती चूक वाटली होती, माइल्सला ती फक्त घडलेली गोष्ट वाटली.

ही गोष्ट यूट्यूबवरचे मास्तर धीर द्यायला सांगतात: चुका करा, घाबरू नका. मला आता तिच्यात दुसरं काही ऐकू येतं. इम्प्रोव्हायजेशनमध्ये डिलीट नसतं. वाजलेला सूर वाजला. तुमच्या हातात फक्त पुढचा सूर असतो, आणि तो लावण्याआधी जे घडलं ते पूर्ण ऐकावं लागतं.

माझा पुढचा सूर शेजारच्या घरात होता. मी धाकट्या आजोबांकडे गेलो, माफी मागितली. ते बाजेवर बसले होते. बराच वेळ बोलले नाहीत. मी पहिल्यांदाच एखादी रिकामी जागा भरली नाही.

मग म्हणाले, "खोटं काय हाय त्यात? निरोप मीच घेतला. सोळा वर्साचा हुतो, थोरल्यांनी सांगितलं गप ऱ्हा, मी ऱ्हायलो." थोडं थांबून म्हणाले, "पर वहिनी मला कदी बोलल्या न्हाईत. पन्नास वर्सं चहा दिला. आन् मी फोनातनं ऐकलं."

त्यांना लागलं होतं ते हे. गावाला कळल्याचं नाही. त्यांना उद्देशून कधी न बोललेलं वाक्य त्यांना सगळ्यांच्या आधी ऐकायला मिळायला हवं होतं, किंवा कधीच नाही. ते कधी बोलायचं, बोलायचं की नाही, हे त्या दोघांचं होतं. मी मधेच बोललो होतो.

तीनेक आठवड्यांनी ते ओट्यावर आले. आजीनं नेहमीच्याच कपात चहा दिला. त्या विषयावर दोघं बोलले का, मला माहीत नाही. मी घरात थांबलो नाही.

नंतर एकदा मी आजीला विचारलं, की शब्द सोडून देतो, पण त्या ओवीची चाल मी वाजवू का? ती हसली. "चाल काय माजी हाय व्हय? माज्या आईची, तिच्या आईची. चाल वाजीव की. बोल माजं हायती."

मी दोन वर्षं जे शोधत होतो ते तिनं पीठ चाळता चाळता सांगितलं. बारा बार कोणाचे नाहीत. धानी कोणाची नाही. कोमल आणि शुद्ध गंधारामधली ती अर्धी वाटही कोणाच्या मालकीची नाही, ती वेल्ह्यातही आहे आणि मिसिसिपीतही. चाल सगळ्यांची असते. बोल ज्याचे त्याचे. ज्याला स्वतःचे बोल नाहीत तो दुसऱ्याचे उचलतो, आणि माझं तेच झालं होतं.

म्हणून मी लिका टाकून दिल्या असं नाही. लहान मूलही दुसऱ्यांची वाक्यं बोलूनच बोलायला शिकतं. पण आता वाजवताना स्वतःला विचारतो, की ही ओळ कोणाची आहे, आणि मी ती कोणाला सांगतोय? बऱ्याचदा उत्तर येत नाही. मग तो बार रिकामा सोडतो. माझं वाजवणं त्यामुळे बरंच संथ झालंय.

परवा संध्याकाळी पडवीत बसून मी ती चाल बारा बारांत बसवून बघत होतो. ओट्यावर धाकटे आजोबा चहा पीत होते. दुसऱ्या आवर्तनाला आजीनं आतून आवाज दिला, "चांगलं वाजतंय. कुणाला सांगतुयास?"

मी थांबलो. अजून विचार करतोय.